घटक ५ : पेनड्राइव्हमधील बिघाड – निदान आणि मजकुराचे जतन

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर पेनड्राइव्हचे कार्य कसे चालते, हे आपल्याला सांगता येईल. संगणकाने दाखवलेल्या संदेशावरून बिघाड नेमका कोठे आहे, याचा तर्क करता येईल. तसेच मजकूर हाती येण्यापूर्वी कोणत्या कृती कटाक्षाने टाळाव्यात, हे ठरवता येईल. पेनड्राइव्ह दुरुस्त करण्यास शिकवणे हा या घटकाचा मुख्य हेतू नाही. पेनड्राइव्ह काही शे रुपयांत नवा मिळतो. त्यात साठवलेला मजकूर मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

५.२ प्रास्ताविक

मराठी विषयाच्या विद्यार्थ्याला पेनड्राइव्हच्या तांत्रिक बाबी कशासाठी हव्यात, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका कल्पित उदाहरणातून पाहू. एका विद्यार्थिनीने लोकसाहित्यावरील प्रकल्पासाठी आपल्या आजीकडून आणि वाडीतील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचे लिप्यंतर केले, टिपा लिहिल्या, प्रस्तावना टंकलिखित केली. हे सर्व काम तिने एकाच पेनड्राइव्हमध्ये ठेवले. प्रकल्प सादर करण्याच्या दोन दिवस आधी संगणकावर संदेश आला की, ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करणे आवश्यक आहे. खाली दोन बटणे होती : एक होकाराचे आणि दुसरे नकाराचे.

प्रस्तावना पुन्हा लिहिता येईल, टिपाही आठवून मांडता येतील. परंतु ज्यांच्या तोंडून त्या ओव्या आल्या त्या स्त्रियांपैकी एखादी दरम्यानच्या काळात निवर्तली असेल, तर तिचा आवाज त्या पेनड्राइव्हखेरीज जगात अन्यत्र कोठेही नाही. त्या दोन बटणांपैकी कोणते दाबायचे, हा प्रश्न अशा वेळी केवळ तांत्रिक राहत नाही.

५.३ तक्रारीची भाषा

आपण भाषेचे अभ्यासक आहोत, म्हणून निदानाची सुरुवात भाषेपासूनच करू. 'पेनड्राइव्ह गेला', 'पेनड्राइव्ह उडाला', 'करप्ट झाला', 'व्हायरस लागला', 'उघडत नाही' हे शब्दप्रयोग आपण सर्रास आणि परस्परांच्या जागी वापरतो. दिवा गेला, मोटार गेली, तसा पेनड्राइव्हही गेला. बोलीभाषेत यात काही चुकीचे नाही. पण निदानाच्या दृष्टीने हे सर्व शब्द मुके आहेत. जोडणी निसटणे, सूची बिघडणे, फाइली लपवल्या जाणे आणि टंक न जुळणे या चार अगदी निरनिराळ्या घटनांना आपण एकच क्रियापद वापरतो. मग दुकानदारही एकच उपाय सांगतो : फॉरमॅट करून घ्या.

म्हणून पहिली कृती अशी : पडद्यावर जो संदेश आला असेल, तो शब्दशः वहीत उतरवून घ्यावा किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे. संदेश इंग्रजीत असला आणि त्याचा अर्थ लागला नाही तरी चालेल. त्यानंतर बिघाड होण्यापूर्वीची शेवटची कृती कोणती होती, हे नोंदवावे. फाइल साठवली जात असताना वीज गेली का? झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी पेनड्राइव्ह दिला होता का? तो खाली पडला, त्यावर पाणी सांडले, की घाईत तसाच ओढून काढला? डॉक्टर नाडीला हात लावण्याआधी चार प्रश्न विचारतात, त्यासारखेच हे आहे.

आणि या सर्वांच्याही आधी एक गोष्ट पाहावी : तो मजकूर अन्यत्र कोठे आहे का? ज्या संगणकावर टंकलेखन केले तेथे, मार्गदर्शकांना पाठवलेल्या ई-मेलच्या 'सेंट' कप्प्यात, व्हॉट्सअ‍ॅपवरून मैत्रिणीला पाठवलेल्या संदेशात, ध्वनिमुद्रण केलेल्या मूळ मोबाइलमध्ये. पुष्कळदा प्रत तेथे सापडते आणि पुढचा सारा खटाटोप वाचतो.

५.४ पेनड्राइव्हच्या आत काय असते?

पेनड्राइव्ह हा शब्द भारतात रुळला. अन्यत्र याच वस्तूला यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह म्हणतात. यूएसबी ही जोडणीची पद्धती १९९६ मध्ये प्रथम जाहीर झाली. ती विकसित करणाऱ्या प्रमुख अभियंत्यांपैकी अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होत. नावातील दुसरा शब्द 'फ्लॅश' हा जपानमधून आला. तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही स्मृती विकसित केली. तिच्यातील मजकूर एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव पडले. २००० साली प्रथम बाजारात आलेल्या पेनड्राइव्हची क्षमता अवघी ८ मेगाबाइट होती, म्हणजे १.४४ मेगाबाइटच्या साडेपाच फ्लॉपींइतकी. तेव्हा ती मोठी वाटली होती.

आवरणाच्या आत दोन चिप महत्त्वाच्या असतात. एक स्मृतीची चिप, जिच्यातील सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपाने मजकूर राहतो. दुसरी नियंत्रक चिप, जी संगणक आणि स्मृती यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करते. स्मृतीची रचना पाटीसारखी आहे, पण थोडी विचित्र पाटी. तिच्यावर एकेक ओळ लिहिता येते. पुसताना मात्र एखादीच ओळ पुसता येत नाही, एक अख्खा गट पुसावा लागतो. त्यामुळे आपण निबंधातील एक काना बदलून फाइल साठवली, तरी नियंत्रकाला आत बरीच हलवाहलव करावी लागते. ही हलवाहलव चालू असताना वीज खंडित झाली किंवा पेनड्राइव्ह ओढून काढला, तर जुने पुसले गेले आहे आणि नवे पुरते लिहिले गेलेले नाही, अशी अवस्था उरते. पुसण्या-लिहिण्याची सहनशक्तीही अमर्याद नसते; प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच ते सोसतो.

आता तिसरी गोष्ट, जी चिप नाही, पण निदानात सर्वांत महत्त्वाची आहे : फाइलींची सूची. ग्रंथालयात जशी तालिका असते, कोणते पुस्तक कोणत्या कपाटात कितव्या फळीवर आहे हे सांगणारी, तशीच सूची पेनड्राइव्हच्या एका भागात लिहिलेली असते. आपण एखादी फाइल काढून टाकतो तेव्हा केवळ तालिकेतील तिची नोंद रद्द होते. पुस्तक फळीवरच असते. त्या जागी दुसरे पुस्तक ठेवले गेले म्हणजे मात्र ते कायमचे गेले. पुढील अनेक उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत, म्हणून ती नीट लक्षात ठेवावी.

५.५ संगणक पेनड्राइव्ह ओळखत नाही तेव्हा

पेनड्राइव्ह जोडला, पण काहीच घडले नाही. आवाज नाही, दिवा नाही, 'धिस पीसी'मध्ये नवे चिन्ह नाही. येथे पहिला संशय पेनड्राइव्हवर न घेता जोडणीवर घ्यावा. टेबलावरच्या संगणकाच्या पुढच्या बाजूची खाच आतून एका तारेने मुख्य पटलाला जोडलेली असते, आणि ही तार सैल असणे ही नित्याची गोष्ट आहे. मागच्या बाजूची खाच थेट पटलावर असते; म्हणून तेथे जोडून पाहावे. मध्ये हब किंवा जोडतार असेल तर ती काढावी. तरीही दिसत नसेल तर दुसऱ्या संगणकावर जोडून पाहावे. दुसरीकडे चालला तर दोष घरच्या संगणकात. कोठेच चालला नाही तर दोष पेनड्राइव्हमध्ये. इतक्या साध्या तुलनेने अर्धे निदान होते, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात खाचेतील धातूच्या पट्ट्यांवर दमटपणाचा थर चढतो. कोरड्या, मऊ कापडाने त्या पुसाव्यात. पेनड्राइव्ह भिजला असेल तर तो दोन दिवस हवेशीर जागी वाळू द्यावा. चालतो का, हे पाहण्यासाठी ओला असताना जोडू नये.

दुसऱ्या संगणकावर दिसतो आणि घरच्यावर दिसत नाही, अशा वेळी संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. त्यानेही भागले नाही तर 'स्टार्ट' बटणावर माउसची उजवी कळ दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. ही खिडकी प्रथमदर्शनी भीती घालते. पण आपल्याला तिच्यात फक्त पाहायचे आहे, काही बदलायचे नाही. पेनड्राइव्ह तेथे दिसत असेल आणि त्याला 'ई', 'एफ' असे अक्षर मिळालेले नसेल, तर ते अक्षर देणे एवढाच उपाय असतो : त्या पट्टीवर उजवी कळ दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडावे आणि वापरात नसलेले अक्षर द्यावे. याने आतील मजकुराला धक्का लागत नाही. खिडकीत 'नो मीडिया' असे शब्द दिसले, तर दुभाषा हजर आहे पण स्मृती उत्तर देत नाही, असा त्याचा अर्थ. हे लक्षण वाईट आहे. घरगुती उपायांनी येथे सहसा काही साधत नाही.

जोडणीचा धातूचा भाग वाकला असेल, किंवा विशिष्ट कोनात दाबून धरल्यावरच पेनड्राइव्ह दिसत असेल, तर आतील डाख सुटलेला असतो. असा पेनड्राइव्ह दाबून धरून फाइली काढण्याचा मोह होतो. मजकूर किरकोळ असेल तर तसे करून पाहावे. मजकूर अमोल असेल तर करू नये. प्रत्येक प्रयत्नात उरलेला डाखही सुटण्याची शक्यता असते. डाखकाम करणारा कुशल तंत्रज्ञ किंवा मजकूर परत मिळवून देणारा व्यावसायिक यांच्याकडे तो तसाच न्यावा.

५.६ 'फॉरमॅट करा' असा संदेश आल्यास

आता आपण त्या विद्यार्थिनीच्या पडद्याकडे परत येऊ. संगणक म्हणतो, डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा. याचा सरळ अर्थ इतकाच की, पेनड्राइव्ह जोडला गेला आहे, नियंत्रक उत्तर देतो आहे, परंतु फाइलींची तालिका संगणकाला वाचता आलेली नाही. पुस्तके बहुधा आपापल्या जागी आहेत. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये पाहिल्यास या अवस्थेला 'रॉ' असे नाव दिलेले दिसते. कच्चा, न ओळखता येणारा.

येथे नकाराचे बटण दाबावे. होकार दिला तर नेहमीच्या 'क्विक फॉरमॅट'मध्ये नवी कोरी तालिका लिहिली जाते; जुन्या तालिकेचे जे अवशेष शोधकामाला उपयोगी पडले असते, ते त्याखाली गाडले जातात. 'क्विक' हा पर्याय काढून पूर्ण फॉरमॅट केले तर स्थिती याहून गंभीर होते. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट संपूर्ण जागेवर शून्ये लिहिते. मग फळीवरची पुस्तकेही उरत नाहीत.

बरे, नकार दिल्यावर पुढे काय? त्या पेनड्राइव्हवर काहीही नवे लिहायचे नाही, हा पहिला नियम. त्यानंतर मजकूर शोधणारी आज्ञावली वापरायची. 'रेक्युव्हा', 'टेस्टडिस्क' आणि तिच्यासोबत येणारी 'फोटोरेक' या विनामूल्य मिळतात. त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि सापडलेल्या फाइलीही संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठवाव्यात. चुकूनही त्याच पेनड्राइव्हवर नाही, कारण सापडलेले पहिले पुस्तक न सापडलेल्या दुसऱ्याच्या जागेवर ठेवले जाईल. 'फोटोरेक'ची पद्धत आपल्याला रोचक वाटेल. ती तालिकेकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरावीक चिन्हांनी होते. ती चिन्हे ओळखत ती फळीमागून फळी चालत जाते. पोथीचे पहिले पान गहाळ झाले असताना आरंभीच्या मंगलाचरणावरून पोथी कोणत्या संप्रदायाची हे अभ्यासक ओळखतात, त्याच्या जवळपास जाणारे हे काम आहे. मात्र फाइलींची मूळ नावे यात मिळत नाहीत. ओव्यांच्या शंभर ध्वनिफिती हाती आल्या, तरी कोणती कोणाची हे ऐकूनच लावावे लागते. ज्या फाइलीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले असतात, ती अपुरी मिळू शकते.

मजकूर सुरक्षित हाती आल्यावर, आणि त्यानंतरच, पेनड्राइव्ह फॉरमॅट करून तो पुन्हा चालतो का ते पाहावे. चालला तरी त्याला महत्त्वाचे काम देऊ नये, असे माझे मत आहे.

कधी कधी फॉरमॅटचा संदेश येत नाही. त्याऐवजी या ड्राइव्हमध्ये काही अडचण आहे, तपासून दुरुस्त करा, अशी सूचना येते आणि फाइली दिसतही असतात. अशा वेळी आधी सर्व फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात. मग पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक' या क्रमाने तपासणी करावी. क्रम उलटा केला तर तपासणी चालवणारी आज्ञावली ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये निनावी करून टाकते. तालिका त्यामुळे सुधारते. निबंध सुधारेलच असे नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) पुढच्या खाचेत पेनड्राइव्ह ओळखला गेला नाही, मागच्या खाचेत ओळखला गेला. दोष कोठे असावा?
(आ) 'क्विक फॉरमॅट' आणि पूर्ण फॉरमॅट यांपैकी मजकूर परत मिळण्याची आशा कशानंतर उरते? का?

५.७ फाइली दिसेनाशा होतात तेव्हा

झेरॉक्सच्या दुकानातून किंवा सार्वजनिक संगणकावरून परत आलेल्या पेनड्राइव्हमध्ये पुष्कळदा मूळ फोल्डरांऐवजी त्याच नावांची लहान चिन्हे दिसतात, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण असतो. ही शॉर्टकटे आहेत. त्यांवर टिचकी मारली की आधी घातक आज्ञावली चालते आणि मग मूळ फोल्डर उघडते. वापरणाऱ्याला काही बिघडले असे वाटतच नाही, आणि आपला संगणकही बाधित होतो.

अशा वेळी पेनड्राइव्हच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये किती जागा व्यापलेली आहे ते पाहावे. दिसतात फक्त चार शॉर्टकटे, पण जागा ९ गीगाबाइट भरलेली आहे, असे असेल तर फाइली आतच आहेत, फक्त लपवलेल्या आहेत. 'फाइल एक्सप्लोरर'मधील 'व्ह्यू'खाली 'हिडन आयटम्स' हा पर्याय चालू करावा. एवढ्याने न दिसल्यास 'फोल्डर ऑप्शन्स'मधील 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'पुढची खूण काढावी. कधी मूळ फाइली नाव नसलेल्या एका फोल्डरात कोंबलेल्या असतात. तोही आता दिसू लागतो. कोणत्याही शॉर्टकटावर टिचकी न मारता पेनड्राइव्ह आणि संगणक दोन्ही विषाणुरोधकाने तपासून घ्यावेत. विंडोजसोबत येणारा 'डिफेंडर' यासाठी पुरतो. संगणक बाधित राहिला तर स्वच्छ केलेला पेनड्राइव्ह पुढच्या जोडणीत पुन्हा बाधित होतो. यानंतर मूळ दस्तऐवज उघडून 'सेव्ह अ‍ॅज'ने संगणकावर नवीन प्रत करावी.

पूर्वी पेनड्राइव्ह जोडताक्षणी त्यातील आज्ञावली आपोआप चालत असे. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद झाली, आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी व व्हिस्टा यांसाठीही ती बंद करणारी सुधारणा दिली. तरी धोका संपला असे समजू नये. २०१० मध्ये उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' हा विषाणू पेनड्राइव्हमार्फत पसरत होता, आणि केवळ पेनड्राइव्हमधील चिन्हे पडद्यावर दिसली तरी त्याला शिरकाव मिळत असे. त्याचे लक्ष्य इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाचा प्रकल्प होता. पेनड्राइव्ह ही क्षुल्लक वस्तू नाही, हे सांगण्यासाठी इतके पुरे.

चुकून काढून टाकलेल्या फाइलीबद्दल एक खुलासा. संगणकावरील फाइल काढली की ती 'रीसायकल बिन'मध्ये जाते. पेनड्राइव्हवरील फाइल सहसा तेथे जात नाही. तिच्यासाठी मागील विभागातील शोधपद्धतीच वापरावी, आणि तोवर पेनड्राइव्हला हात लावू नये.

५.८ फाइल उघडते, पण मराठी दिसत नाही

हा बिघाड खरे तर पेनड्राइव्हचा नाहीच. परंतु मराठीच्या विद्यार्थ्यांकडून 'फाइल करप्ट झाली' अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा प्रत्यक्षात हेच घडलेले असते. घरी नीट दिसणारा निबंध दुकानातील संगणकावर रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा गोंधळ होऊन दिसतो.

कारण टंकात आहे. 'शिवाजी', 'कृतिदेव', 'श्रीलिपी' यांसारख्या जुन्या टंकांत मराठी अक्षरांना स्वतःचे सांकेतिक क्रमांक नसत. रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो टंक ज्या संगणकावर नाही, तेथे चित्रे नाहीशी होतात आणि खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे. त्यामुळे टंक कोणताही असो, 'क' हा 'क'च राहतो. तेव्हा असा मजकूर दिसताच फाइल काढून टाकू नये किंवा पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये. टंकाच्या यादीत नाव पाहावे, तो टंक उपलब्ध करावा, किंवा परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तनानंतर जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांची ओळीओळीने तपासणी करावी; चुका बहुधा तेथेच राहतात. छपाईसाठी देताना फाइलीचा पीडीएफ करून न्यावा. त्यात टंक सोबतच जातो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) पेनड्राइव्हमध्ये केवळ शॉर्टकटे दिसतात. मूळ फाइली आत आहेत की नाहीत, हे कशावरून ओळखाल?
(आ) दुकानातील संगणकावर निबंध रोमन चिन्हांत दिसला. तो पेनड्राइव्हचा दोष का नाही?

५.९ लिहिता येत नाही, किंवा जागा पुरत नाही

काही पेनड्राइव्हना कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकला की लेखन बंद होते. खटका नसतानाही 'राइट प्रोटेक्टेड' असा संदेश येत असेल, तर आयुष्य संपत आलेल्या पेनड्राइव्हने स्वतःला केवळ वाचनापुरते मर्यादित केलेले असू शकते. ही एक प्रकारे त्याची सौजन्यपूर्ण सूचना आहे. मजकूर लगेच उतरवून घ्यावा.

जागा रिकामी असूनही मोठी चित्रफीत साठवता येत नसेल, तर मांडणीचा प्रकार पाहावा. 'फॅट३२' या मांडणीत एक फाइल ४ गीगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. 'एक्सफॅट'मध्ये ही अडचण नाही. १६ गीगाबाइटचा पेनड्राइव्ह संगणकावर सुमारे १४.९ दिसतो, हा बिघाड नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीत. पण अत्यल्प किमतीत विकले जाणारे अवाढव्य क्षमतेचे पेनड्राइव्ह पुष्कळदा बनावट असतात. ते मोठी क्षमता असल्याचे संगणकाला सांगतात, आणि खरी जागा संपल्यावर पुढचा मजकूर मुकाट्याने हरवतो. नवीन पेनड्राइव्ह 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' या विनामूल्य आज्ञावलीने एकदा पूर्ण भरून तपासता येतो. वेळ लागतो, तपासणी महत्त्वाचे काही ठेवण्यापूर्वी करावी.

५.१० काढण्याची आणि ठेवण्याची रीत

साठवण्याची पट्टी पूर्ण भरली म्हणजे लेखन संपले, असे नेहमीच नसते. काही भाग संगणकाच्या स्मृतीत थांबलेला असू शकतो. 'सेफली रिमूव्ह' या पर्यायाने तो उरलेला भाग लिहून घेतला जातो. विंडोज १० च्या २०१८ मधील एका आवृत्तीपासून असा विलंब सहसा ठेवला जात नाही, हे खरे. तरीही दुकानातील संगणक कोणत्या आवृत्तीचा आहे आणि त्याची मांडणी कशी आहे, हे आपल्याला माहीत नसते. 'डिव्हाइस वापरात आहे' असा संदेश आला तर उघडी फाइल बंद करावी. तरी ऐकत नसेल तर संगणक बंद करून पेनड्राइव्ह काढावा. फाइल थेट पेनड्राइव्हवरून उघडून तेथेच तासन्‌तास लेखन करण्याची सवय मला धोक्याची वाटते. काम हार्ड डिस्कवर करावे आणि पेनड्राइव्हवर प्रत न्यावी. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

पेनड्राइव्ह हे वाहन आहे, कोठार नव्हे. कप्प्यांतील विद्युतभार वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास हळूहळू झिरपतो. म्हणून क्षेत्रीय संकलनासारखा पुन्हा न मिळणारा मजकूर किमान तीन ठिकाणी ठेवावा : संगणकावर, वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर, आणि घराबाहेर कोठेतरी, मग ते आंतरजालावरील साठवण असो वा नातलगाच्या घरची प्रत असो.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ (अ) पुढच्या खाचेत किंवा तिला पटलाशी जोडणाऱ्या तारेत; पेनड्राइव्ह निर्दोष आहे. (आ) 'क्विक फॉरमॅट'नंतर. कारण त्यात केवळ नवी सूची लिहिली जाते, तर पूर्ण फॉरमॅटमध्ये सर्व जागेवर शून्ये लिहिली जातात.

प्रश्न २ (अ) 'प्रॉपर्टीज'मधील व्यापलेल्या जागेवरून. (आ) मजकुराचे सांकेतिक क्रमांक जसेच्या तसे आहेत. त्यांना मराठी रूप देणारा टंक त्या संगणकावर नाही.

क्षेत्रीय कार्य

(१) आपल्या परिसरातील एखाद्या झेरॉक्सच्या दुकानास भेट द्या. ग्राहक पेनड्राइव्हच्या बिघाडाचे वर्णन कोणत्या शब्दांत करतात, त्याची नोंद करा आणि प्रत्येक शब्दप्रयोगामागे या घटकातील कोणता बिघाड असू शकतो, ते दोन पृष्ठांत लिहा.

(२) एका रिकाम्या पेनड्राइव्हवर मराठीतील तीन लहान फाइली ठेवा. त्यांपैकी एक काढून टाका आणि विभाग ५.६ मधील पद्धतीने ती परत मिळवून संगणकावर साठवा. तिचे नाव टिकले का, मजकूर पूर्ण मिळाला का, हे नोंदवहीत लिहून संपर्कसत्रात समंत्रकांना दाखवा.